नवी नोकरी, नवं गाव आणि पिशवीत एक पुस्तक : गोव्यात कामाला आलेल्यांसाठी

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी स्टोअरला आहे. एकवीस वर्षं झाली. दर जून-जुलैत नवी पोरं येतात. चंदगड, सावंतवाडी, खानापूर, हल्ली लातूर-नांदेडकडचीही. आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेला, चौघांत मिळून एक खोली, डब्याची सोय अजून लागायची आहे. त्यात वाचणारा एखादा असतोच, आणि त्याच्या पिशवीत हमखास यशाची सूत्रं सांगणारं एक पुस्तक असतं. मुखपृष्ठावर शिडी किंवा डोंगराचं टोक.

मी हसत नाही. मीही त्यातूनच गेलोय. पहिल्या वर्षी असंच एक पुस्तक वाचलं होतं. त्यात म्हटलेलं की साहेबाकडे अडचण घेऊन जाताना उपायही सोबत न्यावा. मी नेला. रात्रपाळीला गेटपासवर सही करायला माणूस नसतो ही अडचण, आणि एक माणूस कायमचा नेमा हा उपाय. साहेबाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, उद्यापासून तूच ये." दीड वर्ष रात्रपाळी केली.

त्या दीड वर्षात मात्र मी वाचायला शिकलो, कारण पहाटे दोन ते चार गेटवर काही हलत नाही. तेव्हापासून कामाबद्दलची पुस्तकं वाचत आलोय आणि नव्या पोरांना देत आलोय. काय आधी द्यावं, काय मागाहून, कुठे मिळतं, कसं वाचावं, हे एकदा लिहून काढायचं होतं.

आधी पारख

कोणतंही पुस्तक मधूनच उघडा आणि दोन पानं वाचा. काम करणाऱ्या माणसाचे हात दिसतात का? त्याने काय उचललं, कशाने कापलं, किती वेळ उभा होता, संध्याकाळी किती पैसे मिळाले, यातलं काही कळतं का? कळलं तर पुस्तक घ्या. दोन पानांत 'ध्येय', 'सकारात्मक' आणि 'मानसिकता' एवढंच सापडलं तर परत ठेवा. ते पुस्तक वाईटच असेल असं नाही, पण ते कामाबद्दल नाही, बढतीबद्दल आहे. ते प्रकरण वेगळं.

मालकांची आत्मचरित्रं या चाळणीतून कधीकधी छान पार होतात. विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' हॉटेलात लागलेल्या पोराने जरूर वाचावं. फक्त ते काउंटरच्या आतल्या बाजूने, गल्ल्याजवळ बसून लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून. भांडी घासणाऱ्याच्या बाजूचं पुस्तक वेगळं, त्याकडे पुढे येतो.

पुस्तक कुठून आणायचं

पहिल्या पगारातून पुस्तकं विकत घेऊ नका. खोलीचं डिपॉझिट, गादी, रेनकोट यातच पगार जातो. गोव्यात पाऊस काय असतो ते जूनमध्ये कळेलच.

पणजीला पाटोवर, संस्कृती भवनात, राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कदंबच्या बसस्टँडवरून चालत जाता येतं. हे ग्रंथालय 1832 साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालं. आता त्याला सोळाव्या शतकातला लेखक कृष्णदास शामा याचं नाव आहे. मराठी पुस्तकांची कपाटं भरपूर, बसायला जागा चांगली. दक्षिणेला मडगावजवळ नावेलीत जिल्हा ग्रंथालय आहे. तालुक्याच्या गावी सरकारी ग्रंथालयं आहेत, आणि पुष्कळ गावांत पंचायतीचं किंवा एखाद्या मंडळाचं वाचनालय असतं. तिथे वर्तमानपत्रं वाचणारे चार म्हातारे आणि कुलूपबंद कपाट दिसेल. कपाट उघडायला सांगा. माझी निम्मी चांगली पुस्तकं अशाच कपाटांतून निघाली.

सभासद होताना नव्या माणसाची गाडी अडते ती पत्त्यावर. आधार कार्डावर गावचा पत्ता, आणि इथे खोलीचा करार केलेला नसतो. तेव्हा आधी हात हलवत जाऊन काउंटरवर विचारून या : कुठला कागद चालेल, अनामत किती, पुस्तकं किती दिवस ठेवता येतात. कंपनीच्या एचआरकडून राहण्याच्या पत्त्याचं पत्र मागायची वेळ आली तर लाजू नका. ग्रंथालयासाठी पत्र मागणारा माणूस त्यांनाही नवाच असतो, लगेच देतात.

पहिलं पुस्तक : बनगरवाडी

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. शाळेत धडा म्हणून तुकडा वाचला असेल, तो विसरा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात पूर्ण वाचा. कारण ती पहिल्या नोकरीचीच गोष्ट आहे. कोवळा मास्तर, अनोळखी गाव, कुणाला शाळा नकोय, वरच्यांना कागद हवेत, आणि गावचा कारभारी आपला अंदाज घेतोय. तुमच्या खात्यातला जुना सुपरवायझर तुमच्याकडे बघतो ना, अगदी तसाच.

मी ती पोरांना देतो ती शेकूच्या प्रसंगासाठी. पेरणी तोंडावर आलेली आणि शेकूकडे एकच बैल. दुसरा कुणी देत नाही. तेव्हा त्याची बायको स्वतः बैलाच्या जोडीला जू खांद्यावर घेते. माडगूळकर तिथे एकही हळवा शब्द खर्ची घालत नाहीत. काम होतं, ते केलं, एवढंच. आमच्या पॅकिंग लाइनवरच्या एका मुलीने ते वाचून विचारलं, "मग तिच्या खांद्याला काय लावलं?" कामाचं पुस्तक कसं वाचायचं, ते तिच्या या प्रश्नावरून शिकावं.

मास्तर गावाला एकत्र करून तालीम बांधून घेतो, आणि पुढे दुष्काळ पडतो तेव्हा गावच उठून जातं. शेवट सांगितला म्हणून रागावू नका. ही रहस्यकथा नाही.

दुसरं : खोली शोधतानाच वाचायची कथा

बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावी जातो आणि भाड्याची खोली शोधतो. पुढे काय होतं ते शीर्षकातच आहे. गोव्यात खोली बघताना 'तुम्ही कुठले?' आणि 'मासे खाता का?' हे प्रश्न तुम्हालाही येतील. त्यातला कुठला नुसती चौकशी असतो आणि कुठला चाळणी, हे ओळखायला ही कथा शिकवते. एका बैठकीत वाचून होते, पण डोक्यातून लवकर जात नाही.

याच्या जोडीला ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आई बांबूच्या टोपल्या विणते, लेक शिकून सरकारी कचेरीत नोकरी करते. घरातलं काम, पोटाचं काम आणि टेबलावरचं काम, तिन्ही एकाच पुस्तकात. बायकांच्या कामाचं मराठीत यापेक्षा चांगलं काही असलं तर मला सांगा, मी शोधतोच आहे. दया पवारांचं 'बलुतं' आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' ही त्यानंतर, सवडीने.

तिसरं : विचारायला शिकवणारा डॉक्टर

अनिल अवचट शिकले डॉक्टरकी आणि आयुष्यभर लोकांना भेटून लिहीत राहिले. त्यांचं 'माणसं' घ्या. हमाल, विडी कामगार, हळदीच्या कारखान्यातली माणसं. अवचट जाऊन शेजारी बसतात आणि अगदी साधे प्रश्न विचारतात. पोत्याचं वजन किती? एका पोत्याला मिळतात किती? पाठ दुखली तर काय करता? मुकादम किती कापतो? उत्तरं येत जातात आणि आपल्याला कळतं की आपण रोज ज्या माणसाच्या शेजारून जातो त्याचं काहीच आपल्याला ठाऊक नाही.

मी स्टोअरला असून, आमचे लोडिंगवाले पोतं डाव्याच खांद्यावर का घेतात हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. 'माणसं' वाचल्यावर विचारलं. ट्रकच्या फाळक्याला धरायला उजवा हात मोकळा लागतो. एवढंच. पण तेवढ्याने त्यांची माझ्याशी बोलण्याची पद्धत बदलली.

मग गिरण्या, आणि त्यातून खाणी

'गिरणगावाशी आमचा काय संबंध?' असं पोरं म्हणतात. संबंध आहे, आणि गोव्यात तो दुहेरी आहे.

एक म्हणजे गोव्याचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेला. बोटीवर जाणारा तारवटी धोबी तलावाच्या बाजूला आपल्या गावच्या 'कुडा'त, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, ट्रंक टाकून बोलावण्याची वाट बघत बसायचा. दुसरं जवळचं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या फार जणांना काम पुन्हा मिळालंच नाही. आमच्याकडे 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. डिचोली, साखळी, उसगावच्या घरांसमोर ट्रक पावसात गंजत उभे राहिले. हप्ते चालूच.

माझे वडील मांडवी नदीत खाणीचा माल नेणाऱ्या बार्जवर होते, म्हणून मला हे ऐकून माहीत आहे असं नाही, बघून माहीत आहे. पण घरात नेमकं काय घडत होतं ते मला कळलं जयंत पवारांचं 'अधांतर' वाचताना. 1997 चं नाटक, संपानंतरचं गिरणी कामगाराचं घर. आई आणि मोठी झालेली मुलं, एका खोलीत. बापाचं काम गेलं की पोरांचं भांडण कशावरून पेटतं, कोण घराबाहेर राहायला लागतं, कोणाच्या हातात अचानक पैसा दिसतो. मुंबईच्या जागी खाणपट्ट्यातलं एखादं गाव घाला, संवादसुद्धा फारसे बदलावे लागत नाहीत.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी नारायण सुर्व्यांच्या कविता. 'माझे विद्यापीठ' 1966 चं. गिरणीतल्या माणसाने रस्त्यावरून उचलून वाढवलेला हा पोर पुढे गिरणीत, शिपाई म्हणून आणि मग शाळामास्तर म्हणून राबला. कविता मोठ्याने वाचा, नाहीतर अर्धी हाती लागते. मग 'अधांतर'. मग नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावाची', ज्यात गिरणगावातली माणसं स्वतःच बोलतात. ते जाड आहे, सलग वाचू नका, कुठलाही एक आवाज उघडा. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही 1933 ची कादंबरी जुनी भाषा चालत असेल तरच. मला मधेच कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू.

आता इथलं, म्हणजे कोकणीतलं

मराठी माणूस गोव्यात येतो, देवनागरीत कोकणी पाटी वाचतो आणि म्हणतो, 'अरे हे तर कळतंय.' पाटी कळते. पुस्तक पहिली दहा पानं कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सोडू नका. ओठ हलवत वाचा. अकराव्या पानावर कान जुळतो.

काही शब्द हाताशी ठेवा. 'वावर' म्हणजे काम, कष्ट. विदर्भातल्या पोराला वावर म्हणजे शेत, त्यामुळे आमच्या एकाने अख्खा परिच्छेद शेतात नेऊन ठेवला होता. 'वावराडी' कामकरी. 'पात्रांव' मालक, साहेब. 'मेस्त' सुतार-कारागीर. 'पदेर' पाव भाजणारा, 'रेंदेर' माडाची सूर काढणारा, 'पागी' मासे पागणारा. आणि 'भाटकार', 'मुंडकार' ही जोडी : जमिनीचा धनी आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहिलेला. ही जोडी कळली नाही तर गोव्यातली कुठलीही गोष्ट अर्धीच कळेल.

तीन पुस्तकं. पुंडलीक नाईकांची 'अच्छेव', 1977 : खाण गावात येते, पंढरी शेत सोडून तिकडे कामाला जातो, आणि पंढरी-रुक्मिणीच्या घरापासून गावापर्यंत सगळं कसं खचत जातं. आमच्या भागातल्या माणसाला ती वाचताना पाणी प्यावं लागतं. दामोदर मावजोंची 'कार्मेलिन', 1981 : कुवेतला घरकामाला गेलेली गोव्याची बाई. तिकडून येणारा पैसा सगळ्यांना दिसतो, तिला तिथे काय मोजावं लागलं ते दिसत नाही. मावजो स्वतः माजोर्ड्याला दुकान चालवत, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं कान देऊन ऐकणाऱ्याची सवय पानापानावर जाणवते. तिसरी महाबळेश्वर सैलांची 'हावठण'. कुंभारांच्या भट्टीभोवतीची कादंबरी, मातीपासून मडक्यापर्यंत आणि मडक्याला गिऱ्हाईक नसण्यापर्यंत. हिला 2016 चा सरस्वती सन्मान मिळाला. तिघांत अवघड हीच, शेवटी घ्या.

अगदीच थकवा आला असेल तर मारियो मिरांडांची ऑफिसची चित्रं बघा. ठिपक्यांच्या झग्यातली सेक्रेटरी मिस फोन्सेका, फायलींचे ढीग, झोपलेला कारकून. वाचायचं काही नाही आणि तरी सगळं आहे.

हॉटेलातल्या पोरांसाठी एक इंग्रजी

माझा भाचा कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात स्टुअर्डिंगला लागला. स्टुअर्डिंग म्हणजे भांडी. कार्ड छापताना शब्द चांगला वाटतो. त्याला मी जॉर्ज ऑर्वेलचं 'डाऊन अँड आऊट इन पॅरिस अँड लंडन' दिलं, 1933 चं. ऑर्वेलने पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासली होती. उकाडा, शिव्या, घाण, आणि मधे एक दार. त्या दारातून वेटर बाहेर पडतो तेव्हा त्याचा चेहरा, मान, चाल, सगळं क्षणात बदलतं. भाच्याने फोनवरच्या शब्दकोशाच्या आधाराने तेवढीच प्रकरणं वाचली आणि मला म्हणाला, "मामा, आमचं दार दोन्ही बाजूला उघडतं, एवढाच फरक."

लंडनचा अर्धा भाग त्याने वाचला नाही. चालतं. कामाची पुस्तकं पूर्ण करायचा नवस कुणी बोललेला नसतो.

वेळ

पहिल्या पाळीला असाल तर जाताना बसमध्ये वाचता येत नाही. कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' करत तुम्हाला मागून पुढे ढकलतो आणि पुस्तक कुणाच्या तरी डब्याला लागतं. येतानाची बस बरी. फेरीबोटीत मात्र पुस्तक उघडू नका. नदी बघा.

रात्रपाळीवाल्यांनी झोपून उठल्यावरचा चहा ते पाळीची बस, हा वेळ धरावा. पाळी संपवून वाचायला बसाल तर पुस्तक छातीवर पडून झोप लागते आणि पान दुमडतं, ग्रंथालयवाले बोलतात. हॉटेलवाल्यांना जून ते सप्टेंबर मोकळीक असते, जाड पुस्तकं तेव्हासाठी ठेवा. पावसात पुस्तक नेताना दुधाची धुतलेली पिशवी. याहून चांगली सोय मला सापडलेली नाही.

चौघांनी मिळून

एकट्याचं वाचन दिवाळीपर्यंत टिकतं, मग सुटतं. म्हणून चारपाच जण गोळा करा. आम्ही फोंड्याला महिन्यातून एका रविवारी बसतो, एका हॉटेलात, पातळभाजी-पाव आणि चहावर. नियम दोनच. पूर्ण पुस्तक वाचून यायची सक्ती नाही, एकाने दहा पानं मोठ्याने वाचायची. आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगायची, मत सांगायचं नाही. मत सांगू दिलं की युनियन आणि निवडणूक दहा मिनिटांत येते, भाजी गार होते.

साहेबाला बोलावू नका. आम्ही एकदा बोलावलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी सगळेच फार चांगलं बोलले.

एकाने वही धरायची. पुस्तकाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण सांगितलेली गोष्ट त्याच शब्दांत उतरवायची : हत्याराचं नाव, वेळ, पैसे, आणि त्या कामातच बोलला जाणारा एखादा शब्द. माझ्या वडिलांच्या बार्जवरच्या वहीत भरती-सुकतीच्या वेळा आणि टनांचे आकडे होते, पावसात भिजून शाई पसरली आणि आईने ती चुलीत घातली. बार्जवर दोर कसा टाकायचे, हाका कशा मारायचे, ते आता मला विचाराल तर निम्मं सांगता येतं. म्हणून वही प्लॅस्टिकच्या फायलीत ठेवतो.

आमच्यात एक पायलट आहे, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून भाडं मारणारा. पुस्तक त्याने आजवर एकही वाचलेलं नाही, ऐकायला येतो. गेल्या खेपेला 'बनगरवाडी'तली पानं झाल्यावर त्याची पाळी आली. म्हणाला, "उतारावर मागचा माणूस पुढं सरकतो. त्याला वाटतं मी ब्रेक मारला. मी मारलेला नसतो, त्याच्या ब्यागेचं वजन असतं. म्हणून मी ब्याग आधी हातात घेऊन बघतो, मग भाडं सांगतो." वही माझ्याकडे होती. मी लिहून घेतलं आणि विचारलं, जड ब्यागेला जास्त घेतोस का? तो म्हणाला, "नाही, हळू जातो."